उसवायलाही शिकवावं लागतं



मागच्या काही अंकांत आपण ‘सेवा मनापासून कशी करावी’ यावर वाचलं. या वेळचा अभ्यास थोडा वेगळा आहे, पण सेवेच्याच कामाचा आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण काही ना काही शिकवत असतात. कोणी शिलाई शिकवतं, कोणी महाप्रसादाच्या पोळ्या लाटायला, कोणी पेटी, तर कोणी घरी नातवाचं अक्षर वळवून घेतं. हाताने करायचं काम शिकवताना ‘तुझं इथे बरोबर आहे, इथे चुकतंय, आता असं कर’ हे शिकणाऱ्याला कसं सांगायचं, कधी सांगायचं आणि किती सांगायचं, हा आजचा विषय. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘प्रत्याभरण’ असा जड शब्द आहे. आपण आपला फीडबॅकच म्हणू या, घराघरात तोच चालतो.

हा विषय आम्हाला आमच्याच एका चुकीमुळे घ्यावासा वाटला. ती चूक आधी सांगतो.

*आमची चूक*

आम्ही चार-पाच जणी मिळून आठवड्यातून दोन दुपारी मोफत शिलाई वर्ग घेतो. तीन जुन्या मशिनी आहेत, एक मोठं टेबल आहे. येणाऱ्या बहुतेक मुली आणि सुना दोन-चार घरची कामं करून येतात. शिलाई हाताशी आली तर घरी बसून चार पैसे मिळतील, ही त्यांची आशा.

त्यातली एक सून फार मन लावून शिकायची. वेळेवर येणार, मशीन पुसून ठेवणार, टाका सरळ. ब्लाउज शिवताना मात्र तिची एक चूक दर वेळी व्हायची. पुढचा आणि मागचा भाग एकावर एक ठेवून ती दोन्हींचा मुंढा एकसारखाच कापायची. शिवणाऱ्या भगिनींना ठाऊक आहेच, पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच आत घ्यावा लागतो. नाही घेतला तर काखेपाशी कापड गोळा होतं आणि हात वर केला की बाही ओढते.

आम्हाला ते दिसायचं. पण ती इतकी कष्टाळू, त्यातून घरची परिस्थिती नाजूक, तिचा हिरमोड कशाला करायचा, असं वाटायचं. मग ती दोरा आणायला किंवा पाणी प्यायला उठली की आमच्यातलीच एखादी कात्री घेऊन तो अर्धा इंच हळूच कापून ठेवायची. ब्लाउज अंगावर छान बसायचं. आम्ही म्हणायचो, “वा, छान झालं!” तीही खूश, आम्हीही खूश. आम्ही याला प्रेम समजत होतो.

सहा महिन्यांनी तिने घरी काम घ्यायला सुरुवात केली. लग्नसराईत गल्लीतल्या एका बाईंनी लेकीच्या लग्नात नेसायच्या पैठणीचं ब्लाउज तिच्याकडे दिलं. साडीसोबतचाच ब्लाउजपीस, दुसरा मिळणार नाही असा. तिने नेहमीसारखं कापलं, शिवलं, आणि पहिल्यांदाच तिच्या ब्लाउजवर दुसऱ्या कोणाची कात्री गुपचूप फिरली नाही. बाईंनी घालून पाहिलं, तर हात वर होईना. घाबरून तिने बाही उसवली. रेशमी कापड ते, सुईची भोकं तशीच राहिली. नेमकं किती कापायचं हे कधी कळलेलंच नव्हतं, म्हणून अंदाजाने मुंढा खोल केला, तो प्रमाणाबाहेर गेला. कापलेलं कापड परत जोडता येत नाही. शेवटी दुसऱ्या कापडाचे अकराशे रुपये तिने पदरचे भरले. गल्लीत बोलबाला झाला तो वेगळाच.

ती वर्गावर आली तेव्हा रडली नाही, भांडलीही नाही. फक्त विचारलं, “काकू, माझा मुंढा चुकतोय हे तुम्हाला सगळ्यांना दिसत होतं ना? मग मला का नाही सांगितलं?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी आम्ही घरी परतलो ते हाच प्रश्न घेऊन. पुढचा सगळा अभ्यास त्या एका प्रश्नातून झाला.

*डोळे मिटून तीन इंच*

या विषयावर एक जुना प्रयोग वाचनात आला, तो आपण सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे. १९३२ साली अमेरिकेत ट्रोब्रिज आणि केसन या दोघांनी तो केला. माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना तीन इंचांची रेघ काढायला सांगितली. अशा एकेकाने शंभर रेघा काढायच्या. माणसांचे चार गट होते. पहिल्या गटाला रेघ काढल्यावर काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या गटाला प्रत्येक रेघेनंतर काहीतरी निरर्थक अक्षरं ऐकवली. तिसऱ्या गटाला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच सांगितलं. चौथ्या गटाला मात्र रेघ किती मोठी झाली किंवा किती कमी पडली, ते इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून सांगितलं.

चौथा गट सगळ्यांत जास्त सुधारला. ‘बरोबर-चूक’ ऐकणारा तिसरा गट काहीसा सुधारला. पहिल्या दोन गटांनी रेघा तेवढ्याच काढल्या, पण त्यांची प्रगती झाली नाही.

यातून दोन गोष्टी आम्हाला लागू पडल्या. नुसत्या सरावाने हात सुधारत नाही. ‘करत राहा, येईल आपोआप’ असं आपण नेहमी म्हणतो, पण आपण कुठे पोहोचलो हे कळत नसेल तर शंभर वेळा केलेलं काम शंभर वेळा तसंच होतं. चुकीचाच सराव झाला तर चूकच पक्की होते. आमच्या त्या मुलीचं अगदी हेच झालं. आणि दुसरी गोष्ट आम्हाला जास्त टोचली. आमचं ‘वा, छान!’ तिच्यासाठी दुसऱ्या गटातल्या निरर्थक अक्षरांसारखं होतं. कानाला गोड, पण त्यातून पुढच्या कापाला काहीही मिळत नव्हतं.

हा प्रयोग घरी करून पाहता येतो. कागद, पेन्सिल आणि पट्टी एवढंच लागतं. आम्ही मंगळवारच्या बैठकीत केला. ज्यांना ‘पाव इंच जास्त’, ‘अर्धा इंच कमी’ असं सांगत गेलो, त्यांचा हात दहा-बारा रेघांतच जागेवर येऊ लागला. ज्यांना काहीच सांगितलं नाही त्या आपल्या मोठ्या आत्मविश्वासाने पाच-पाच इंचांच्या रेघा काढत होत्या! पट्टी उघडल्यावर हसू आवरेना.

*आपल्या शहराने काय केलं*

इंदूरकरांना लांबचं उदाहरण शोधायची गरज नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या सगळ्या शहराने एक हातकाम शिकलं आहे. घरातला कचरा वेगळा करणं.

आठवून पाहा. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर पंचविसावं होतं. २०१७ ला पहिलं आलं आणि मग वर्षामागून वर्ष पहिलंच राहिलं. २०२३ चा पहिला नंबर सुरतबरोबर वाटून मिळाला. हे घडलं कसं? भाषणं तर आधीही होत होती. भिंतींवर घोषणाही होत्या. फरक पडला तो दारात रोज येणाऱ्या पिवळ्या गाडीने.

सुरुवातीला आमच्या घरूनही चहाच्या चोथ्यात दुधाची रिकामी पिशवी जायची. गाडीसोबतचा भैया बादलीत नजर टाकायचा आणि म्हणायचा, “दीदी, ये थैली सूखे में.” बस्स, एवढंच. ‘तुम्हाला अक्कल नाही’ असं म्हणायचा नाही आणि ‘वा दीदी, छान’ असंही म्हणायचा नाही. पिशवी वेगळी करायला लावायचा आणि गाडी पुढे जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी, पुन्हा नजर. काही ठिकाणी गाडीबरोबर स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्तेही यायचे आणि घरोघरी दाखवून सांगायचे. महिन्याभरात भैयाने सांगायची गरज राहिली नाही, कारण पिशवी हातात घेतली की आपलाच हात थांबू लागला. पुढे ओला-सुका एवढ्यावर न थांबता प्लास्टिक, सॅनिटरी कचरा, घरातल्या घातक वस्तू, इलेक्ट्रॉनिक वस्तू असे सहा प्रकार झाले, तेही आपण शिकलो.

त्या भैयाच्या फीडबॅकमध्ये काय काय होतं ते बघा. तो लगेच मिळायचा, बादली समोर असतानाच. तो नेमका असायचा, ‘ही थैली’ म्हणून बोट दाखवलेला. तो वस्तूबद्दल असायचा, आपल्याबद्दल नाही. त्यातच पुढे काय करायचं हे आलेलं असायचं. आणि चूक आपल्याच हाताने दुरुस्त करायची संधी तिथल्या तिथे मिळायची.

दंडही होता, हे खरं. दंडाने धाक बसतो. पण कोणती वस्तू कोणत्या डब्यात, हे पावतीवरून कळत नाही. नंबर आला याचा आनंद राजवाड्यापर्यंत मिरवला, पण ‘पहिला नंबर’ ऐकूनही कोणाला कचरा वेगळा करायला येत नाही. हात शिकला तो गाडीपाशी.

एवढी बारीक काळजी का घ्यायची, तेही आता डोळ्यांनी दिसतं. देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेला बायो-सीएनजीचा कारखाना आहे. रोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७,००० किलो गॅस करण्याची त्याची क्षमता. त्या गॅसवर सिटी बस धावतात. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक आणि काच मिसळली तर असा कारखाना नीट चालत नाही. म्हणजे आपल्या दारात सांगितलेली ती एक थैली शेवटी बसपर्यंत जाऊन पोहोचते. शिकणाऱ्याला आपल्या कामाचं पुढे काय होतं हे दिसलं, तर सूचना टोचत नाही, पटते.

*फीडबॅकने नुकसानही होतं*

आता कोणी म्हणेल, म्हणजे चुका दाखवत सुटायचं का? इथेच सावध राहायला हवं. १९९६ साली क्लूगर आणि डिनिसी या दोन अभ्यासकांनी आधीच्या अनेक संशोधनांतले ६०० हून अधिक निष्कर्ष एकत्र करून तपासले. फीडबॅकने सरासरी फायदा होतो असं दिसलं. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅक दिल्यावर काम आधीपेक्षा खाली गेलं होतं!

असं का व्हावं? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की फीडबॅक ऐकून माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की घोटाळा होतो. ‘हा मुंढा अर्धा इंच उथळ आहे’ म्हटलं की लक्ष मुंढ्यावर जातं. ‘तुझं लक्षच नसतं’ म्हटलं की लक्ष स्वतःच्या अपमानावर जातं, मग हात थरथरतो. गंमत म्हणजे कौतुकाचंही तसंच आहे. ‘तू किती हुशार गं’ हे ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी अवघड काम घ्यायला कचरते. हुशारी खोटी ठरली तर काय, अशी भीती वाटते.

आपल्या घरातली वाक्यं तपासून पाहू या.

🔸 “तुझ्या पोळ्या कधी गोल होणारच नाहीत.” याऐवजी “डावीकडे लाटणं जास्त दाबलं जातंय, म्हणून तिकडून पातळ होतेय. पोळी थोडी फिरवत लाट.”

🔸 “काय हे अक्षर! कावळ्याचे पाय.” याऐवजी “या ओळीतले हे तीन शब्द छान सुटे आलेत. बाकीचे एकमेकांना चिकटलेत. तेवढी पुढची ओळ या तिघांसारखी लिही.”

🔸 “सूर लागत नाहीये.” याऐवजी “वर जाताना गंधार थोडा खाली राहतोय. पेटीवर धरून ठेव आणि ऐक.”

🔸 “वा, छान!” याऐवजी “गळ्याची तिरकी पट्टी कुठेही ओढली गेलेली नाही. कशी लावलीस, सांग बरं.”

शेवटच्या उदाहरणाकडे विशेष लक्ष द्यावं. बरोबर काय झालं हेही नेमकं सांगावं लागतं. आमच्या मुलीला स्वतःचं काय चांगलं जमतं हेसुद्धा आम्ही कधी धड सांगितलं नव्हतं. तिचा टाका वर्गात सगळ्यांत सरळ होता. ‘छान’ या एका शब्दात तिचा सरळ टाका आणि चुकलेला मुंढा दोन्ही एकत्र गुंडाळले गेले.

२००७ साली हॅटी आणि टिंपर्ली यांनी फीडबॅकची कसोटी म्हणून तीन प्रश्न मांडले. मला कुठे जायचंय? आत्ता मी कुठे आहे? पुढचं पाऊल कोणतं? आपण बोललेल्या वाक्यातून शिकणाऱ्याला या तिन्हींची उत्तरं मिळतात का, हे ताडून पाहावं. ‘कावळ्याचे पाय’ यात तिन्हींपैकी एकही नाही.

*आधी चांगलं कसं दिसतं ते दाखवावं*

समर्थांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात अक्षर कसं काढावं याचा एवढा बारकाईने विचार, याचं आम्हाला पूर्वी नवल वाटायचं. आता या दृष्टीने पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं, की समर्थ तिथे ‘चांगलं लिहा’ असं मोघम सांगत नाहीत. अक्षरं वाटोळी आणि सुटी, ओळी सरळ, दोन ओळींत सारखं अंतर. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं. तरुणपणी उगाच बारीक लिहू नये, म्हातारपणी वाचता येत नाही. लिहिणाऱ्याने स्वतःचं पान समोर धरलं तर प्रत्येक गोष्ट तो स्वतःच ताडून पाहू शकतो.

ऑस्ट्रेलियाचे शिक्षणशास्त्रज्ञ सॅडलर यांनी १९८९ मध्ये जवळपास हाच मुद्दा मांडला. चांगलं काम म्हणजे काय, याची कल्पना नुसती शिक्षकाच्या डोक्यात असून भागत नाही. ती शिकणाऱ्याच्या मनात उतरली पाहिजे, तरच तो काम चालू असताना स्वतःला सुधारू शकतो.

हे वाचून आम्ही वर्गात एक साधी गोष्ट केली. एक उत्तम बसणारं ब्लाउज उलटं करून भिंतीवर टांगलं. आतली शिलाई, मार्जिन, टक्स, मुंढ्याचा आकार, सगळं दिसेल असं. त्याच्या शेजारी चुकलेलं ब्लाउज टांगलं, काखेत गोळा झालेलं. ते मुद्दाम आमच्यातल्याच एकीने शिवलेलं होतं, म्हणजे कोणा मुलीला कमीपणा नको. आता शिवून झालं की मुली आधी भिंतीपाशी जाऊन आपलं काम ताडून पाहतात आणि मग आमच्याकडे येतात. निम्म्या चुका त्या भिंतीपाशीच सापडतात.

*सारखं सांगणंही बरं नव्हे*

चूक कळल्यावर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. मुलगी कात्री उचलते न उचलते तोच “थांब, थांब, असं नाही!” सुरू. एकाच वेळी तिघींच्या सूचना. मुली गोंधळू लागल्या. काही दिवसांनी त्या प्रत्येक कापाआधी मान वर करून आमच्याकडे बघू लागल्या, “काकू, कापू?”

याबद्दलही अभ्यास झालेला आहे. रिचर्ड श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली हाताच्या कामांवरचं संशोधन तपासून मांडलं, की प्रत्येक वेळी लगोलग फीडबॅक मिळत गेला तर सरावाच्या वेळी काम छान दिसतं, पण तो आधार काढून घेतला की माणूस अडखळतो. कारण त्याला स्वतःच्या हाताकडे लक्ष द्यायची सवयच लागत नाही. लहान मुलाला सायकल शिकवताना मागचं कॅरिअर कधीच सोडलं नाही, तर मूल तोल सांभाळायला शिकत नाही, तसंच हे.

मग किती सांगावं? आमच्या अनुभवातून ठरवलेले नियम असे:

१) धोका असेल तिथे लगेच सांगावं. बोट सुईखाली जात असेल, गरम तेलाची कढई असेल, तर वाट पाहू नये.

२) बाकी कामात एक तुकडा पुरा होऊ द्यावा. मध्ये बोलू नये. आपला हात आपल्या मांडीवर ठेवावा. हे फार कठीण आहे, करून पाहा!

३) झाल्यावर आधी विचारावं, “तुला काय वाटतं, कसं झालं?” बहुतेक वेळा तिला कळलेलं असतं.

४) मग एकच गोष्ट सांगावी, सगळ्यांत महत्त्वाची. पाच चुका असल्या तरी एका दिवशी एकच.

५) दुरुस्ती तिच्याच हातून करून घ्यावी. कात्री आपण उचलायची नाही. आमचं पाप नेमकं इथे होतं.

६) नवशिक्यांना जास्त वेळा सांगावं, हात बसू लागला की कमी करत जावं.

पाचव्या नियमामुळे वर्गात एक नवा धडा आला, उसवण्याचा. पूर्वी आम्ही शिवायला शिकवायचो, उसवायला कधी शिकवलंच नव्हतं. आता पहिल्याच आठवड्यात जुन्या कापडावर शिवण घालून ती उसवायला देतो. टाका कसा ओळखायचा, दर तीन-चार टाक्यांनी कसा कापायचा, कापड न ओढता दोरा कसा काढायचा. रेशमावर भोकं राहतात म्हणून तिथे आधी कच्चा टाका कसा घालायचा. उसवता येऊ लागलं की चुकीची भीती अर्धी कमी होते. ती मुलगी त्या दिवशी घाबरली नसती, तर पैठणीचा मुंढा वाचला असता.

*शिष्य गुरूची नक्कल नव्हे*

आपल्या इंदुरातले चित्रकलेचे गुरू दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांचं नाव आपण ऐकलं असेल. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, डी. जे. जोशी आणि विष्णू चिंचाळकर ही मंडळी होती. एकाच गुरूचे शिष्य, पण बेंद्र्यांचं चित्र हुसेन यांचं वाटत नाही, आणि चिंचाळकर गुरुजींनी तर वाळकी पानं आणि टाकाऊ वस्तूंतून आकृती उभ्या केल्या. शिष्य इतके वेगवेगळे निघाले यातच त्या शिकवण्याचं मोठेपण आहे, असं आम्हाला वाटतं.

फीडबॅक देताना आपलीही हीच परीक्षा असते. सूनबाईंची भाजी चुकली आहे, की फक्त आपल्यासारखी झालेली नाही? मुंढा उथळ असणं ही चूक आहे. गळ्याला वेगळी लेस लावणं ही तिची आवड आहे. चूक आणि आवड यांत गल्लत केली, की शिकवणं संपतं आणि हुकूम चालवणं सुरू होतं. कुंभाराचा एक हात मडक्याच्या आत आधाराला असतो आणि दुसरा बाहेरून थापी मारतो, हे आपण सत्संगात कितीदा ऐकलं आहे. आम्ही आतला हात ठेवला होता, थापी मारायला घाबरलो. काही घरांत थापीच चालते, आतला हातच नसतो. मडकं दोन्हीकडे कच्चंच राहतं.

*पुढे काय झालं*

त्या प्रश्नानंतर ती मुलगी महिनाभर वर्गावर आली नाही. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. अकराशे रुपये आम्ही चौघींनी जमवले होते, ते पुढे केले आणि चूक कबूल केली. सगळे पैसे घ्यायला ती तयार झाली नाही. अर्धे घेतले, आणि म्हणाली, “अर्धी चूक माझी पण आहे काकू, मी कधी विचारलंच नाही.” आम्हाला वाटतं ती आमची लाज राखत होती. विचारायचं तरी कसं? चूक आहे हेच जिला कळू दिलं नाही, ती विचारणार काय?

ती परत आली. जुन्या वर्तमानपत्रावर मुंढा कापायला बसवलं. पहिले चार कागद फुकट गेले. आम्ही कात्रीला हात लावला नाही. पाचव्या कागदाला तिने स्वतःच भिंतीवरच्या ब्लाउजपाशी नेऊन ताडून पाहिलं, परत येऊन दोन रेघा खडूने पुसल्या आणि नव्याने आखल्या. तो बरोबर आला. आम्ही ‘छान’ म्हणालो नाही. विचारलं, “काय बदललंस?” तिने नीट सांगितलं. सांगता आलं म्हणजे कळलं.

गल्लीतल्या त्या बाईंनी अजून तिला काम दिलेलं नाही. विश्वास उसवायला एक दिवस पुरतो, शिवायला वेळ लागतो. पण बाकी चार घरांची कामं येऊ लागली आहेत, आणि नव्या मुलींना उसवण्याचा धडा आता तीच देते.

मागच्या आठवड्यात आमच्यातल्या एकीचा आवाज एका नव्या मुलीवर जरा चढला. वर्ग संपल्यावर ही जवळ येऊन हळूच म्हणाली, “काकू, तुम्ही सांगितलं ते बरोबर होतं, पण सगळ्यांसमोर सांगितलंत. ती उद्या येणार नाही बहुतेक. तिला आज फोन करा.” नेमकं, वेळेवर, पुढचं पाऊल सांगणारं. आम्ही फोन केला. ती मुलगी आली.

शिकवणाऱ्यालाही कोणीतरी सांगणारं असावं लागतं. आपल्याला सांगायची हिंमत शिकणाऱ्याला वाटते का, हा प्रश्न आपण सगळ्यांनी स्वतःला विचारावा.

*या आठवड्याचा अभ्यास* 🌼

१) घरी तीन इंचांच्या रेघेचा प्रयोग करावा. मुलांना, नातवंडांना सोबत घ्यावं.

२) आपण कोणाला काही शिकवत असाल, तर एक दिवस आपली वाक्यं लिहून ठेवावीत. त्यातली किती वाक्यं कामाबद्दल आणि किती माणसाबद्दल, ते मोजावं.

३) आपण कोणाची चूक गुपचूप दुरुस्त करत आहोत का, ते आठवावं. असेल तर या आठवड्यात प्रेमाने, एकांतात, नेमकं सांगावं. दुरुस्ती त्यांच्याच हातून होऊ द्यावी.

४) ज्यांना आपण शिकवतो त्यांच्यापैकी एकाला विचारावं, “माझ्या शिकवण्यात काय बदलू?” उत्तर मिळाल्यावर लगेच खुलासा करू नये. फक्त ऐकावं.

आपले अनुभव नेहमीप्रमाणे गटावर पाठवावेत. निवडक अनुभव पुढच्या अंकात घेऊ. या लेखातही काही चुकलं असेल तर अवश्य कळवावं. मात्र ‘छान लेख 🙏’ एवढंच लिहून थांबू नये, ही हात जोडून विनंती!

सर्वांचं कल्याण होवो.

— इंदूर केंद्राच्या सेवेकरी भगिनी